दोष रॅमचाच आहे, हे कशावरून?

विंडोज नव्याने टाकूनही तुमचा लॅपटॉप मध्येच बंद पडतो, म्हणजे दोष रॅमचाच (यंत्राच्या तात्पुरत्या स्मृतीचाच), असा निष्कर्ष या चर्चेत आधी निघाला आहे. तो मला थोडा घाईचा वाटतो. इव्हेंट व्ह्यूअर या विंडोजच्या नोंदवहीतली ‘कर्नल-पॉवर ४१’ ही नोंद यंत्र रीतसर बंद न होता पुन्हा सुरू झाले एवढेच सांगते, कारण सांगत नाही.

आधी पेनड्राइव्हवरून उबुंटू ही वेगळी कार्यप्रणाली चालवून पाहावी, कारण तिथेही तसेच घडले तर विंडोज आणि तिचे ड्रायव्हर (यंत्राचे भाग चालवणारे प्रोग्रॅम) बहुतांशी संशयातून सुटतात. त्यानंतर रॅम तपासणारा मेमटेस्ट८६ हा प्रोग्रॅम रात्रभर चालू ठेवावा. त्यात एक जरी चूक दिसली, तरी रॅमच्या दोन्ही पट्ट्या काढून एकेक पट्टी आलटूनपालटून दोन्ही खाचांत तपासावी, म्हणजे दोष पट्टीचा की खाचेचा ते कळते. माझाही लॅपटॉप असाच बंद पडत असे, पण त्यात रॅमची पट्टी निर्दोष निघाली होती. पंखा आणि उष्णता बाहेर टाकणारी तांब्याच्या पात्यांची जाळी यांमध्ये धुळीचा नमद्यासारखा थर साचला होता आणि व्हिडिओ रूपांतरित करताना तापमान शंभर अंशांपर्यंत चढून यंत्र निळा पडदा (विंडोजचा बिघाडाचा संदेश) न दाखवताच विझत असे. तुमच्याकडे निळा पडदा येतो की यंत्र थेट विझते, हे कृपया कळवावे. टचपॅड वर उचलल्यासारखा दिसत असेल, तर बॅटरी फुगली असण्याची शक्यता आहे. तशा स्थितीत चार्जर लावू नये.