ऊर्जापतंगाचा प्रकल्प : रहिवाशांच्या बैठकीत काय सांगावं?

पवनवेध
100 किलोवॉटच्या मऊ, म्हणजे कापडी, ऊर्जापतंगाची चाचणी वस्तीपासून 800 मीटरवर घ्यायची आहे. वाऱ्यात पतंग दोर ओढतो आणि त्या ओढीने जमिनीवरचं जनित्र फिरून वीज तयार होते. दोर जास्तीत जास्त 400 मीटर सुटेल. सादरीकरणात तीन मुद्दे आहेत : पवनचक्कीपेक्षा शांत, नजरेला कमी खुपणारा, साहित्य कमी लागणारा. एवढ्यावर लोक राजी होतात का?

दोरगाठ
"शांत" हा शब्द आधी काढा. दोर सुटत असताना पतंग आडव्या आठच्या आकड्यात फिरतो आणि ताणलेला दोर हवा कापत शीळ घालतो. मग दोर परत ओढताना विंचची, म्हणजे दोर गुंडाळणाऱ्या जमिनीवरच्या यंत्राची, मोटर घरघरते, कापड फडफडतं. हे चक्र मिनिट-दोन मिनिटांनी पुन्हा सुरू. सरासरी डेसिबल कमी भरले तरी ही चढउतार कानाला टोचते.

यंत्रणा येण्याआधी सर्वांत जवळच्या घरापाशी रात्रीचा आवाज मोजून ठेवा. नंतर त्याच जागी, वारा यंत्राकडून घराकडे वाहत असताना, मायक्रोफोनला वारारोधक लावून पुन्हा मोजा. दोर सोडण्याचा आणि ओढण्याचा टप्पा वेगळा नोंदवा, सरासरीसोबत कमाल आकडाही द्या. विंचला ध्वनिरोधक कवच घालता येतं, दोराला नाही. हे बैठकीत स्पष्ट सांगा.

क्षितिजरेषा
पहिला प्रश्न "दोर तुटला तर?" हाच येईल, आणि 800 मीटर हे त्याचं उत्तर नव्हे. 400 मीटर त्रिज्येचं वर्तुळ म्हणजे सुमारे 50 हेक्टर, पण ते दोर शाबूत असेपर्यंतच. लगामाजवळचा (पतंगाला दोराशी जोडणाऱ्या दोऱ्यांजवळचा) मुद्दाम कमकुवत ठेवलेला दुवा तुटला, तर सुरक्षा-दोरी पतंगाला एका बाजूने धरते, त्याचा आकार मोडतो आणि जोर जातो. दोर मधेच तुटला, तर मात्र पतंग दोराचं शेपूट घेऊन वाऱ्याबरोबर निघतो. म्हणून वारा जिकडे जातो तिकडच्या वीजवाहिन्या आणि रस्ते नकाशावर दाखवा.

अपघात लपवू नका. मकानी या ऊर्जापतंग बनवणाऱ्या कंपनीचा 26 मीटर पंखविस्ताराचा कडक पंख 2019 मध्ये नॉर्वेजवळ समुद्रात कोसळला होता. तुमचा पतंग कापडी आहे, हा फरक तुम्हीच समजावून सांगितलेला बरा.

पवनवेध
वारा वस्तीच्या दिशेने फिरला तर?

क्षितिजरेषा
त्या दिशा आधीच ठरवून त्यांत उड्डाण बंद ठेवायचं. वर्षभराच्या वाऱ्याच्या नोंदींवरून किती तास बुडतील ते काढा आणि उत्पादनाच्या अंदाजातून वजा करूनच आकडा मांडा. अट कागदावर द्या, तोंडी आश्वासनावर भागवू नका.

निळीघार
दिसण्याचा मुद्दा ठेवायला हरकत नाही. जर्मनीत क्लिक्सब्यूल गावी स्कायसेल्स कंपनीच्या ऊर्जापतंगाजवळच्या रहिवाशांचं नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट विद्यापीठाच्या संशोधकांनी सर्वेक्षण केलं. जवळच्या पवनचक्क्यांच्या तुलनेत पतंगाचं दिसणं लोकांना बरं वाटलं, पण आवाज, सुरक्षा आणि पर्यावरण यांबाबत मत साधारण सारखंच होतं. तेही एकाच पतंगाबद्दल. पुढे दहा उडवायचे असतील तर तो निष्कर्ष पुढे करू नका.

रात्रीच्या इशारा-दिव्यांचं आणि पक्ष्यांचं विचारतीलच. बारीक दोर पक्ष्यांना दिसणं कठीण, तेव्हा दोराखालचा पट्टा ठरावीक दिवशी पायी तपासायचा आणि सापडलेल्या मृत पक्ष्यांची नोंद सर्वांना खुली ठेवायची, हे आधीच जाहीर करा. "साहित्य कमी" हा मुद्दा शेवटी घ्या. शेजाऱ्याला त्याचा थेट उपयोग नाही. त्याला तक्रारीसाठी फोन नंबर हवा, आणि यंत्र थांबवण्याचा अधिकार असलेला माणूस तो उचलणारा हवा.