मदत हवी आहे: पिंपल्सचा मनाला होणारा त्रास मोजायला कोणता फॉर्म घेऊ?

नमस्कार मंडळी, मी नर्सिंगच्या एमएस्सीला आहे, राहते गोव्यात डिचोलीला. डेझर्टेशनचा विषय घेतलाय पिंपल्समुळे हायर सेकंडरी-कॉलेजच्या मुलांच्या रोजच्या जगण्यावर काय परिणाम होतो तो. पिंपल्स किती तीव्र आहेत ते ठरवायला जीएजीएस (ग्लोबल अ‍ॅक्ने ग्रेडिंग सिस्टीम) आहे, कपाळ, दोन्ही गाल, नाक, हनुवटी, छाती-पाठ बघून 44 पैकी मार्क द्यायचे, तिथे काही अडत नाहीय. अडतंय ते मनाला किती लागतं ते मोजताना, कारण हे दोन आकडे जुळतीलच असं नाही, पाठभर फोड असलेला मुलगा बिनधास्त फुटबॉल खेळतो आणि हनुवटीवर दोनच पिंपल असलेली मुलगी गणेश चवथीला घरच्या फोटोत यायला तयार नसते.

गाइड म्हणतात डीएलक्यूआय (डर्मटॉलॉजी लाइफ क्वालिटी इंडेक्स, त्वचेच्या त्रासाचा जगण्यावर किती परिणाम होतो ते विचारणारा फॉर्म) घे, 1994 चा आहे, सगळीकडे चालतो, 10 प्रश्न, 30 पैकी स्कोअर, 10 च्या वर गेला की खूप परिणाम. पण तो सगळ्याच त्वचारोगांसाठी आहे आणि विचारतो फक्त गेल्या आठवड्याचं. शिवाय त्यात लैंगिक अडचणींचा प्रश्न, तो अकरावीच्या वर्गात वाटायचा म्हणजे प्रिन्सिपल मला गेटवरूनच परत पाठवतील. म्हणून मला कार्डिफचा खास पिंपल्सवाला फॉर्म (कार्डिफ अ‍ॅक्ने डिसॅबिलिटी इंडेक्स) बरा वाटतो, 5 प्रश्न, प्रत्येकाला 0 ते 3.

पण त्यातही एक आहे, पिंपल्समुळे सार्वजनिक चेंजिंग रूम किंवा स्विमिंग कॉस्च्युम टाळता का? गोवा म्हटलं की बाहेरच्यांना वाटतं आम्ही रोज समुद्रातच असतो 😀 आमच्या सत्तरी तालुक्यातली मुलगी कॉस्च्युम घालतच नाही तर पिंपल्समुळे टाळणार काय, तिचा 0 येणार आणि स्कोअर उगाच कमी दिसणार. हा काढून लग्न-जत्रा-फोटोचा प्रश्न घातला तर चालेल का? आणि मुलं घरी कोकणी बोलतात, वाचतात मराठी नाहीतर इंग्लिश, मग मराठी फॉर्म पुरे का? प्लीज सांगा, सिनॉप्सिस द्यायचीय.

म्हादईकाठ: प्रश्न बदलू नको गो. बदललास की तो कार्डिफचा फॉर्म राहिला नाही, दुसऱ्या अभ्यासांशी तुलना संपली. वर कॉपीराइट आहे, भाषांतरालासुद्धा त्यांची परवानगी लागते, मराठी तयार आहे का ते आधी त्यांनाच विचार. पाचही आहेत तसे ठेव, जत्रा-फोटोचा वेगळ्या पानावर घे आणि बेरजेत धरू नको. प्रत्येक प्रश्नाचे मार्क सुटे मांडलेस की पोहण्याचा 0 आपोआप दिसेल.

फोंडेकर: वय बघा हां, डीएलक्यूआय मोठ्यांसाठी, 4 ते 16 च्या मुलांचा वेगळा आहे आणि अकरावीत दोन्ही सापडतात. 18 च्या खाली आईवडिलांची सही. भाषेसाठी आधी थोड्या मुलांकडून वाचून घ्या आणि काय समजलं ते कोकणीतून सांगायला लावा. आणि कोणी अगदीच खचलेलं दिसलं तर कुठल्या काउन्सेलरकडे पाठवणार ते ठरवून ठेवा, एथिक्स कमिटी विचारणारच.

धागाकर्ती: वेगळ्या पानाचं एकदम पटलं, थँक्यू दोघांनाही. त्या पानावर पर्याय 0 ते 3 च ठेवू की नुसतं हो-नाही?