स्पीकिंग टेस्टमध्ये 'मी पुस्तकं वाचत नाही' असं सरळ सांगावं की थाप मारावी?

तिरपागडा
धाकटी बहीण आयईएलटीएस देतेय, परदेशी शिकायला वगैरे जाताना लागते ती इंग्रजीची परीक्षा. स्पीकिंगची तयारी मी घेतो, म्हणजे मी प्रश्न विचारतो आणि ती कंटाळून उत्तरं देते. परवा विचारलं डू यू लाइक रीडिंग, तर एका दमात सुरू झाली, आय ॲम ॲन ॲव्हिड रीडर, रीडिंग ब्रॉडन्स माय होरायझन्स, बुक्स आर अवर बेस्ट फ्रेंड्स. मी म्हटलं थांब, शेवटचं पुस्तक कधी हातात धरलंस? तर म्हणे क्लासमध्ये सांगितलंय, 'वाचत नाही' असं म्हणायचंच नाही, इम्प्रेशन जातं.

आता गंमत अशी की ही मुलगी दिवसभर वाचतच असते. फोनच्या रिव्ह्यूखालच्या कमेंट्स, एखादी सिरीज संपली की तिच्या शेवटावरची भांडणं, कुणाचा तरी लांबलचक प्रवासाचा अनुभव. पुस्तक तेवढं नाही. मी म्हटलं हेच सांग की. तर ती जरा अडखळत पण स्वतःच्या आवाजात म्हणाली, आय डोन्ट रीड मेनी बुक्स, बट व्हेन अ सिरीज एंड्स आय कान्ट स्लीप अनटिल आय नो व्हाय अदर पीपल हेटेड द एंडिंग. मला तरी हे त्या बेस्ट फ्रेंड्सपेक्षा शंभर पट बरं वाटलं. वाचनाच्या सवयीवर थापा मारायला लावणं बंद करा असं माझं स्पष्ट मत. तुम्हाला काय वाटतं?

मुद्देसूद_नाही
अजिबात पटलं नाही. ती भाषेची परीक्षा आहे राव, तिथं कुणी शपथ घालत नाही. मार्क चार गोष्टींना असतात, न अडखळता सुसंगत बोलणं, शब्दसंपदा, व्याकरण आणि उच्चार, चारही सारख्या वजनाच्या म्हणजे २५-२५ टक्के. यात खरेपणा कुठे दिसला तुम्हाला? खरं बोलायच्या नादात पोरं "नो, आय डोन्ट" म्हणून गप्प बसतात आणि मग समोरच्याने काय ऐकून मार्क द्यायचे. त्यापेक्षा ठोकून द्या बिनधास्त.

तिरपागडा
अहो पण "नो, आय डोन्ट" म्हणून गप्प बसा असं मी कुठे म्हणालो? नाही वाचत, मग का नाही, आधी वाचायचे का, आता त्याऐवजी काय, एवढं सगळं आहे की बोलायला. थाप मारायची तर आधी थाप रचा, मग ती इंग्रजीत आणा, मग आधी काय बोललो ते लक्षात ठेवा. एवढं सगळं डोक्यात चालू असताना बोलणं सलग कसं राहणार?

मुद्देसूद_नाही
सवयीचा प्रश्न आहे. काही लोकांना थाप खऱ्यापेक्षा सलग मारता येते :)

शाईचे_डाग
मी बरीच वर्षं मुलांची इंग्रजी बोलायची तयारी करून घेते, म्हणून जरा सविस्तर लिहिते. थाप कुठे चालते आणि कुठे अंगाशी येते हे भागाभागावर आहे, आणि इथे दोघंही सगळं एकाच मापाने मोजताय.

परीक्षा एकूण ११ ते १४ मिनिटांची. भाग १ मध्ये ४-५ मिनिटं साधे प्रश्न, काय वाचता, कधी वाचता, लहानपणी वाचायचात का. हे प्रश्न परीक्षकाकडे ठरलेले असतात, तो ते वाचून विचारतो, फार तर 'का?' जोडतो. त्यामुळे इथे कुणी थाप मारली तरी ती उलगडायला तो बसत नाही, पुढच्या प्रश्नावर जातो. भाग २ मध्ये कार्ड मिळतं, समजा नुकत्याच वाचलेल्या पुस्तकाबद्दल सांगा असं आलं. १ मिनिट तयारी, कागद-पेन्सिल मिळते, मग १ ते २ मिनिटं एकट्याने बोलायचं. इथेही निभावतं. खरी फजिती भाग ३ मध्ये. तो भाग २ च्याच विषयाला धरून असतो आणि तिथे परीक्षकाला तुमच्या उत्तरातून पुढचा प्रश्न काढायची मोकळीक असते. तुम्ही म्हणालात छापील पुस्तकच खरं, की तो विचारणार, मग फोनवर वाचणाऱ्याचं नेमकं काय कमी होतं? जो कधी छापील वाचतच नाही त्याची इथे दातखीळ बसते. थाप मारली म्हणून मार्क जात नाहीत, बोलणं तुटतं म्हणून जातात.

आणि पाठ केलेलं उत्तर ओळखायला काही लागत नाही हो. पाठ केलेल्या तुकड्यात मुलं धडाधड बोलतात, आवाज सपाट होतो, आणि तुकडा संपला की पुढचं वाक्य एकदम तिसऱ्याच माणसाचं वाटतं. "व्होरेशस रीडर" नंतर लगेच "आय ॲम गो लायब्ररी" असं ऐकलंय मी.

खडूस_काका
ताईंचं बरोबर आहे पण एक राहिलं. खरंखुरं पुस्तक वाचलेली माणसंसुद्धा भाग २ मध्ये आपटतात, कारण ती गोष्ट सांगायला लागतात. नायक असा, मग त्याचा भाऊ तसा, मग त्या भावाची बायको, अरे हो त्याआधी एक खून झालेला असतो... दोन मिनिटं संपतात आणि अजून दुसऱ्या प्रकरणातच. शिवाय काळ पार बिघडतो, ही गोज, देन ही वेन्ट, देन ही इज सेइंग. गोष्ट सांगूच नका. पुस्तक हातात कसं आलं, कुठे बसून वाचलं, कुठल्या पानावर वैताग आला, अर्धवट का टाकलं, कुणाला दिलं, हे सांगा. हे सगळं तुमचं स्वतःचं असतं, भूतकाळात एका रेषेत येतं, आणि पात्रांची नावं लागत नाहीत.

रविवारी_उशिरा
काका, उलट माझा अनुभव आहे. मला गोष्टच सोपी जाते कारण तिला आधी-नंतर आपोआप असतं. "या पुस्तकाने मला काय दिलं" असं कुणी विचारलं की मी ब्लँक, दोन वाक्यात संपते. रहस्यकथा घ्या, खून, तीन संशयित, चुकीच्या माणसावर आळ, शेवटी उलगडा, झालं की दोन मिनिटं. पूर्णपणे टाळा म्हणणं जरा टोकाचं होतंय. काळाचं म्हणाल तर एकच धरून बसायचं, गोष्ट वर्तमानात सांगितली तरी चालते, मध्येच उडी मारायची नाही बस.

खडूस_काका
तुमच्या डोक्यात क्रम पक्का आहे म्हणून. सगळ्यांचा नसतो. आमच्याकडे एकाला तिसरा संशयितच आठवेना, तो पेन्सिल चावत बसला.

शाईचे_डाग
दोन्ही चालतं. कार्डावरचे सगळे मुद्दे आलेच पाहिजेत असंही नाही, टास्क पुरा केला का हा निकष रायटिंगला आहे, स्पीकिंगच्या चारात तो नाही. विषय पार सोडून भलतीकडे गेलात तर वेगळी गोष्ट. आणि दोन मिनिटांनी मध्येच थांबवलं म्हणून रडवेलं होऊ नका, वेळ संपली की थांबवतातच, भरपूर बोललात एवढाच त्याचा अर्थ.

गुपचूप_वाचणारी
माझा प्रश्न जरा वेगळाय, मी वाचते खूप पण सगळं मराठीत. कथा, आत्मचरित्रं, दिवाळी अंक सगळंच. इंग्रजीत पेपरसुद्धा धड वाचत नाही. मग मी इंग्रजी पुस्तकच सांगायला हवं का? मैत्रीण म्हणते मराठी सांगितलंस तर त्यांना वाटेल हिला इंग्रजी येत नाही.

तिरपागडा
मैत्रिणीला सांगा की इंग्रजी येतं की नाही ते ऐकायलाच तो माणूस समोर बसलाय, तुमच्या कपाटावरून ठरवणार नाहीये. कुठल्या भाषेतलं पुस्तक हे कार्डावर विचारत नाहीत.

मुद्देसूद_नाही
इथे मी मैत्रिणीच्या बाजूने, कारण मात्र वेगळं. इंग्रजी पुस्तक वाचलेलं असलं की त्याबद्दल बोलायचे शब्द त्या पुस्तकातूनच तोंडात बसलेले असतात. मराठी पुस्तकातली वाड्याची पडवी, ओटी, माजघर हे तिथल्या तिथे इंग्रजीत कसं आणणार? अडकणार म्हणजे अडकणार.

शाईचे_डाग
मुद्दा चुकीचा नाही, पण बघा, नेमका शब्द सुचला नाही की दुसऱ्या शब्दांत समजावून सांगता येणं हे शब्दसंपदेच्या निकषातच येतं. माजघरला प्रतिशब्द शोधत बसू नका, घराच्या मधली अंधारी खोली जिथे बायका दुपारी बसायच्या, एवढं सांगितलं तरी पुरे. उलट इंग्रजी पुस्तकातून उचललेले जड शब्द चुकीच्या जागी बसवले तर ते जास्त खटकतात. ज्या पुस्तकाबद्दल तुम्ही मैत्रिणीशी फोनवर अर्धा तास बोलू शकता ते घ्या, भाषा कुठलीही असो.

गुपचूप_वाचणारी
मग आत्मचरित्र घेते एक. त्यातली एक सासू आहे तिच्याबद्दल मी तासभरही बोलेन.

पेन्सिलचं_टोक
धाग्यात उशिरा येतोय पण एक सांगू का, जो अजिबात वाचत नाही त्याला भाग ३ सगळ्यात सोपा जायला हवा. मुलं हल्ली का वाचत नाहीत, लोकांनी लायब्ररीत जाणं का कमी केलं, छापील पुस्तकं टिकतील का. अरे तो स्वतःच पुरावा आहे, त्याने फक्त स्वतःकडे बघून बोलायचं!

तिरपागडा
हेच तर मी पहिल्यापासून ओरडतोय!

रविवारी_उशिरा
पण भाग ३ मध्ये सारखं 'मी, मी' नाही चालत ना? प्रश्न सगळ्या लोकांबद्दल असतात.

शाईचे_डाग
एखादं उदाहरण स्वतःचं चालतं, नंतर त्यावरून लोकांकडे वळायचं. "मी स्वतः झोपताना पुस्तक घ्यायचो, आता फोन घेतो, आणि मला वाटतं बऱ्याच जणांचं हेच झालं असावं कारण..." असं. लहानपणी वाचायचो पण आता नाही, हे सांगताना यूज्ड टू येतं, वर्षभरात काही वाचलं नाही म्हणताना हॅव्हन्ट रेड येतं, वेळ असता तर वाचलं असतं म्हणताना इफ येतं. न वाचणाऱ्याच्या खऱ्या उत्तरात व्याकरणाचे जेवढे प्रकार आपसूक बसतात तेवढे "आय लव्ह बुक्स, बुक्स आर गुड" मध्ये बसत नाहीत. हे मुद्देसूद यांनी लक्षात घ्यावं.

मुद्देसूद_नाही
घेतलं. तरी मी थापच मारणार. मी सांगतो माझी पद्धत, कुणातरी मोठ्या माणसाचं चरित्र वाचलं म्हणायचं. जन्म, गरिबी, कष्ट, यश, आजारपण, मृत्यू. कुठल्याही माणसाला लागू, आणि दोन मिनिटं आरामात भरतात.

खडूस_काका
आणि परीक्षकाने विचारलं, त्यातलं तुम्हाला सगळ्यात जास्त काय भावलं?

मुद्देसूद_नाही
कष्ट.