टूरआधी चेन बदलू का?

प्रश्न: १० स्पीड सायकल, मागे दोन पॅनिअर (कॅरिअरला लटकवायच्या बॅगा), सामान १५ किलो. चेन चेकर (चेनची झीज मोजायचं टूल) ०.७५ टक्के दाखवतोय. अशीच नेली तर चालेल?

– बदलाच, पण आदल्या दिवशी नको. झिजलेल्या कॅसेटवर (मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांचा संच) नवी चेन चढावर जोर दिला की उडते, विशेषतः जास्त वापरातल्या दात्यांवर. सामान लादून ५०-६० किमी चालवून बघा. उडाली तर कॅसेटही बदला.

– मागचं चाकही बघा. स्पोक बहुधा कॅसेटच्या बाजूला, हबजवळच्या वाकात तुटतो. दोन्ही बाजूंची लांबी सहसा वेगळी असते. मोजून दोन-दोन जादा घ्या. कॅसेटच्या बाजूचा स्पोक कॅसेट काढल्याशिवाय सहसा बसवता येत नाही; ती काढायचं टूल नसेल तर मात्र त्या बाजूचे जादा स्पोक नुसतंच ओझं!

– कॅरिअरच्या एम५ (५ मिमी) बोल्टांना निळं थ्रेडलॉक (बोल्ट आपोआप सैल होऊ नये म्हणून लावायचा गोंद). लाल नको, सुटता सुटत नाही.