वॉरंटी संपली आणि बोअरची मोटार जाम झाली. आता कंपनीकडं काही मागता येतं का?

प्रश्न: रेणापूरकर (जि. लातूर)

गेल्या वर्षी महाशिवरात्रीच्या सुमारास लातूरच्या एका दुकानातून साडेसात एचपीची थ्री फेज सबमर्सिबल घेतली. पक्कं बिल आहे, वॉरंटी कार्डावर दुकानाचा शिक्का आहे, मुदत बिलाच्या तारखेपासून बारा महिने. बोअर साडेतीनशे फूट, पाणी टिकून आहे.

डिसेंबरपासून स्टार्टर सारखा ट्रिप व्हायला लागला. दुकानदाराला व्हॉट्सॲपवर अँपिअरच्या काट्याचा फोटो टाकला. त्याचा माणूस येऊन बघून गेला. "लाइटीचा प्रॉब्लेम आहे, चालू द्या" म्हणला. लिहून काही दिलं नाही. आता वॉरंटी संपून महिनाही झाला नाही तर मोटार जाम. वर काढली, शाफ्ट हातानं फिरंना. दुकानदार म्हणायलाय, तारीख गेली, कंपनी हात लावणार नाही, तुम्हीच कोरडी चालवली असंल.

चाळीस हजारांच्या आसपासची वस्तू आहे. ऊस उभा आहे, उन्हाळा तोंडावर आलाय. तारीख गेली म्हणजे आपला हक्कच गेला का? गावातला मिस्त्री म्हणतो, द्या इकडं, खोलून बघतो. देऊ का?

उत्तर: रिवाइंडिंगवाला, लातूर

दादा, खोलू नका. माझा धंदाच मोटारी खोलायचा आहे, तरी सांगतो. एकदा बाहेरच्या माणसानं पाना लावला की कंपनी म्हणणार, तुमच्या मिस्त्रीनंच बिघडवली. मग त्याला उत्तर नाही.

न खोलता एक गोष्ट होते. केबलच्या टोकावर मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) लावून वाइंडिंग, म्हणजे आतली तारेची गुंडाळी, तपासून घ्या आणि रीडिंग तारखेसह लेटरहेडवर लिहून घ्या. कमी व्होल्टेजनं मोटार गेली की बहुतेक वाइंडिंग जळतं. वाइंडिंग चांगलं निघालं तर लाइटीवर ढकलायला फारशी जागा राहत नाही. कोरडी चाललेली असंल तर पंपाचे बुश आणि इंपेलर (पाणी ढकलणाऱ्या चकत्या) घासलेले, वितळलेले दिसतात. ते शाबूत असले आणि आत शाफ्टवरचा भार पेलणारं थ्रस्ट बेअरिंगच फुटलेलं निघालं, तर मूळ मालाबद्दल शंका घ्यायला जागा आहे. पण ही खोलाखोली कंपनीच्या माणसासमोर, व्हिडिओ काढत करा. अन् बोअरला वाळू येत असंल तर ते आधीच मनात धरा, वाळूनंही शाफ्ट जाम होतो. मोटार सोडताना आत स्वच्छ पाणी भरलं होतं का, हेही विचारतील.

उसाचं म्हणाल तर कोर्टकचेरीची वाट बघत बसू नका. जुनी किंवा भाड्याची मोटार सोडा, पाणी चालू करा. बिघडलेली तशीच पोत्यात बांधून ठेवा.

उत्तर: ग्राहक चळवळीतला एक कार्यकर्ता, परभणी

रिवाइंडिंगवाल्या भाऊंनी लाखमोलाचं सांगितलं. मी कायद्याचं सांगतो.

वॉरंटी हा कंपनीनं आपणहून दिलेला शब्द आहे. तो संपला म्हणजे फुकट दुरुस्तीचा करार संपला, कायदा संपला नाही. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 मध्ये सदोष मालाबद्दल तक्रार करता येते आणि कलम 69 प्रमाणे त्यासाठी तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं मिळतात. शिवाय 1930 च्या माल विक्री कायद्यात विकलेला माल कामाला लायक असावा, ही अट न लिहिताही धरलेली असते.

पण खोटी आशा दाखवत नाही. वॉरंटीनंतर वस्तू बंद पडली, एवढ्यावर कोणी पैसे देत नाही. दोष बनावटीतला होता आणि तो विकतानाच आत होता, हे तुम्हाला दाखवावं लागतं. इथंच लोक हरतात. भावनेनं चार पानं लिहितात, पण तपासणीचा एक कागद जोडत नाहीत.

तुमचा सगळ्यात मोठा पुरावा मोटार नाही, डिसेंबरचं ते व्हॉट्सॲप आहे. बिघाड वॉरंटीत असताना दिसला, तुम्ही कळवला, दुकानाचा माणूस येऊन बघून गेला. मग प्रश्न वॉरंटीनंतरच्या बिघाडाचा उरत नाही, वॉरंटीत केलेल्या आणि धुडकावलेल्या तक्रारीचा होतो. ती चॅट पुसू नका, फोन बदलणार असाल तर आधी जपून ठेवा. आजच दुकानदाराला मेसेज टाका, "डिसेंबरमध्ये तुमचा माणूस येऊन गेला, त्यानं चालू द्या सांगितलं होतं." त्यानं "हो" म्हटलं तरी कागद तयार झाला.

"शेतकरी ग्राहक नाही, हा धंदा आहे" असं कंपनीचे वकील म्हणतील. घाबरू नका. 2012 साली सदोष बियाण्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं शेतकऱ्याला ग्राहक मानलंय. पोटापाण्यासाठी स्वतः वापरायला घेतलेली वस्तू व्यापारी हेतूत मोडत नाही, हे कायद्यातच लिहिलंय.

आधी 1915 वर, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, फोन करा, मराठीत बोलता येतं. तिथून आदेश निघत नाही, पण तक्रार कंपनीपर्यंत जाते आणि पुष्कळदा तेवढ्यावर भागतं. नाहीच भागलं तर लातूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात जा. कंपनी कुठल्याही राज्यातली असो, तुम्ही राहता तिथं तक्रार चालते. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूला फी नाही, वकील सक्तीचा नाही, सरकारच्या ई-जागृती पोर्टलवरून घरूनही दाखल होते. आयोग मोटार प्रयोगशाळेत पाठवू शकतो, त्याचा खर्च मात्र आधी तुम्हाला भरावा लागू शकतो. कायद्यात निकालाची मुदत तीन महिने, तपासणी असली तर पाच. प्रत्यक्षात जास्त लागतात.

भाड्याच्या मोटारीची पावती घ्या. उसाचं नुकसान मागायचं असेल तर सातबाऱ्यावर ऊस आणि बोअर दोन्ही नोंदलेले आहेत का, ते बघून घ्या.

उत्तर: जालन्याची ताई

माझ्या फ्रिजचं असंच झालं होतं. वर्ष संपलं होतं, कॉम्प्रेसर गेला, सर्व्हिस सेंटरवाल्यानं सरळ पूर्ण खर्च सांगितला. कार्ड काढून वाचलं तर कॉम्प्रेसरला वेगळी दहा वर्षांची वॉरंटी. 1915 वर तक्रार केली, मग कॉम्प्रेसर मिळाला. गॅस आणि मजुरी मात्र भरावी लागली, तसं बारीक अक्षरात लिहिलेलंच होतं. दादा, तुमचं कार्डही दोन्ही बाजूंनी नीट वाचा.

रेणापूरकर

मेगरचं आज करून घेतलं, वाइंडिंग ठीक आहे, लिहून घेतलंय. बोअरला वाळू नाही. आता आधी नोटीस द्यायची म्हणतोय, ती कुणाच्या नावानं पाठवू, कंपनीच्या का दुकानदाराच्या? दुकानदार रोजच्या ओळखीतला आहे, त्याला वाईट वाटंल.

परभणीचा कार्यकर्ता

दोघांच्याही नावानं. बिल दुकानदाराचं आहे, त्याला वगळलं तर कंपनी त्याच्यावर ढकलेल. कंपनीचा पत्ता वॉरंटी कार्डावर असतो, त्याच पत्त्यावर स्पीड पोस्टानं पाठवा आणि पोचपावती जपा. एकाच पानात लिहा: बिलाची तारीख, डिसेंबरची तक्रार, मेगरचं रीडिंग, मोटार न खोलता ठेवली आहे आणि पंधरा दिवसांत तुमचा माणूस पाठवून माझ्यासमोर तपासा. दुकानदाराला आधी फोन करून सांगा की नोटीस येतेय. त्यालाही कंपनीकडं भांडायला तोच कागद लागणार आहे.