हिमोग्लोबिन ९.४: वयोमानानुसार म्हणून सोडून द्यायचं का?

निशिगंध:
बाबा ७६ वर्षांचे आहेत. परवाच्या तपासणीत हिमोग्लोबिन ९.४ आलं, गेल्या वर्षी १२.१ होतं. स्वतःहून तक्रार काहीच करत नाहीत. पण जिना चढताना मधल्या वळणावर कठडा धरून थांबतात आणि विचारलं की "चपलेचा पट्टा नीट करतोय" म्हणतात. हृदयासाठी ॲस्पिरिन, साखरेसाठी मेटफॉर्मिन आणि गुडघे दुखले की वेदनाशामक, एवढ्या गोळ्या चालू आहेत. घरात सगळ्यांचं एकच, या वयात होणारच, टॉनिक सुरू करा. करू का?

काचपट्टी:
थांबा जरा. माझी सगळी नोकरी पॅथॉलॉजी लॅबमध्ये गेली आणि 'वयोमानानुसार' हे निदान मी एकाही काचपट्टीवर पाहिलेलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेची रेषा पुरुषांना १३ आणि बायकांना १२. म्हणजे गेल्या वर्षीचं १२.१ सुद्धा कमीच होतं, फक्त कोणी हटकलं नाही.

तो सीबीसीचा, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीचा, कागद परत काढा. लोक हिमोग्लोबिन बघतात आणि घडी घालून ठेवतात. त्याखाली एमसीव्ही असतं, लाल पेशीचं सरासरी आकारमान. ८० ते १०० ठीक. लोह कमी पडलं की पेशी बारीक होतात, मधोमध इतक्या फिकट की नुसती कड रंगवल्यासारखी दिसते. बी-१२ कमी असेल तर उलट, मोठ्या आणि लंबगोल, शिवाय पांढऱ्या पेशींच्या केंद्रकाचे सहा-सहा तुकडे. दोन्ही एकदम कमी असतील तर सरासरी नॉर्मल येऊन फसवते. तेव्हा आरडीडब्ल्यू, म्हणजे पेशींच्या आकारातला लहान-मोठेपणा, वाढलेलं असतं. मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू असेल तर बी-१२ तपासाच, ती गोळी ते कमी करते.

निशिगंध:
एमसीव्ही ७२, आरडीडब्ल्यू १८. डॉक्टरांनी फेरिटिनही (अंगातला लोहाचा साठा) करायला सांगितलं होतं, ते १४ आलं. म्हणजे लोहच ना? मग गोळ्या सुरू केल्या की झालं?

काचपट्टी:
लोहच. पण ते गेलं कुठे? या वयाच्या पुरुषात लोह कमी दिसलं की रक्त पोटातून झिरपतंय, असं धरूनच चालायचं, तपासून नाही म्हणेपर्यंत. ॲस्पिरिन आणि वेदनाशामक ही जोडी जठरात व्रण करायला पुरेशी आहे. त्याखेरीज मोठ्या आतड्याचा कर्करोग, आतड्यातल्या नाजूक रक्तवाहिन्या, असंही निघतं. थेंबथेंब जाणारं रक्त डोळ्यांना दिसत नाही. नुसत्या गोळ्यांनी आकडा वर येईल आणि मूळ दुखणं खाली तसंच राहील. वरून एंडोस्कोपी आणि खालून कोलोनोस्कोपी, दोन्हींबद्दल डॉक्टरांना स्पष्ट विचारा.

उंबरठा:
आमच्या आईचं वेगळं होतं, म्हणून लिहिते. तिला आमवात. फेरिटिन ८० आलं आणि आम्ही निर्धास्त. नंतर कळलं, अंगात दाह असला की फेरिटिन उगाच फुगतं. ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन, म्हणजे रक्तात लोह वाहून नेणाऱ्या प्रथिनावर किती लोह चढलंय ते, बघितलं तर अवघं ९ टक्के! मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिनही तपासून घ्या. मूत्रपिंड थकलं की तिथलं एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक कमी बनतं आणि अस्थिमज्जेला पेशी तयार करायचा निरोपच जात नाही.

काचपट्टी:
बरोबर. अमेरिकेतल्या ६५ वर्षांवरच्या लोकांचा एक मोठा अभ्यास २००४ साली छापून आला होता. ढोबळमानाने, हिमोग्लोबिन कमी असलेल्या तिघांतल्या एकाला पोषणातली कमतरता, एकाला जुनाट दाह किंवा मूत्रपिंडाचा आजार, आणि उरलेल्या एकाचं कारणच सापडलं नव्हतं. त्या तिसऱ्यांपैकी काहींचा संशय अस्थिमज्जेच्या विकाराकडे जातो, पण तुमच्या बाबांचा कागद तिकडे बोट दाखवत नाही.

दोन गोष्टी. ॲस्पिरिन आपल्या मनाने बंद करू नका, हृदयाचा मामला आहे, डॉक्टर ठरवतील. आणि लोहाच्या गोळ्या सुरू व्हायच्या आधी बाबांना शौचाचा रंग विचारून ठेवा. गोळ्यांनी तो तसाही काळा होतो, मग डांबरासारखा काळा रक्तामुळे होता की लोहामुळे, हे सांगणं अवघड. छातीत दुखलं, भोवळ आली किंवा बसल्याजागी धाप लागली तर अपॉइंटमेंटची वाट न बघता थेट दवाखाना गाठा.

निशिगंध:
विचारलं. म्हणाले, "महिनाभर काळंच आहे, त्यात काय सांगायचं?" उद्या सकाळीच घेऊन जातोय.