डिस्ने वर्ल्ड (ऑर्लँडो) : सहा जणांसाठी परवडणारा मुक्काम कोणता? मदत हवी आहे

नमस्कार. येत्या एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आम्ही सहा जण न्यू जर्सीहून ऑर्लँडोच्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डला पाच रात्रींसाठी जात आहोत : आम्ही दोघे, आठ वर्षांची मुलगी, पावणेतीन वर्षांचा मुलगा आणि सांगलीहून आलेले माझे आई-बाबा. तीन वर्षांखालील मुलाला तिथे तिकीट लागत नाही, त्यामुळे त्याच्या वाढदिवसाच्या आत सहल उरकायची आहे. तारखा बदलण्याचा सल्ला कृपया देऊ नये. विमानतळावरून हॉटेलात नेणारी डिस्नेची मोफत बस 2022 च्या सुरुवातीला बंद झाली असल्याने गाडी भाड्याने घेणारच आहोत.

डिस्नेच्या स्वस्त गटातील हॉटेलांत साध्या खोलीत चार जणांना मुभा असते. तान्ह्यांच्या पाळण्यात झोपणारे तीन वर्षांखालील मूल या मोजणीत धरत नाहीत, तरीही आम्ही पाच उरतो आणि एका खोलीत मावत नाही. म्हणजे एक तर दोन खोल्या, नाहीतर फॅमिली सूट. सूट ऑल-स्टार म्यूझिक आणि आर्ट ऑफ अॅनिमेशन या दोन ठिकाणी मिळतात. सहा जणांची सोय, दोन न्हाणीघरे, छोटा फ्रिज आणि मायक्रोवेव्ह. मायक्रोवेव्हचा मोह मोठा आहे, कारण आईचा पहाटेचा चहा खोलीतच झाला तर पुढचा दिवस सर्वांनाच सुखाचा जातो. परंतु सूटमध्ये दार लावून घेता येईल अशी झोपायची खोली एकच असते आणि बाकीच्यांना बैठकीतल्या उलगडून होणाऱ्या पलंगांवर झोपावे लागते. ती खोली आई-बाबांना दिली, तर मुले आठला झोपल्यावर आम्ही दोघे अंधारात कुजबुजत बसणार. शिवाय आमच्या तारखांना आर्ट ऑफ अॅनिमेशनचा सूट ऑल-स्टारच्या दोन साध्या खोल्यांपेक्षा बराच महाग पडतो आहे.

माझा स्वतःचा कल याच स्वस्त गटातल्या पॉप सेंच्युरी हॉटेलातील दोन खोल्यांकडे आहे आणि त्याचे कारण बाबांचे गुडघे. दुपारी दोन तास पाठ टेकल्याशिवाय त्यांना संध्याकाळ झेपत नाही, त्यामुळे पार्कमधून हॉटेलात सहज परत येता येणे ही आमच्यासाठी चैन नाही. 2019 मध्ये सुरू झालेल्या स्कायलायनर या पाळण्यांच्या दोरमार्गाचे स्थानक पॉप सेंच्युरी आणि आर्ट ऑफ अॅनिमेशन यांच्या मधल्या तळ्यावरच आहे. कॅरिबियन बीच हॉटेलपाशी मार्ग बदलून एपकॉट किंवा हॉलिवूड स्टुडिओज या पार्कला जाता येते आणि बाबागाडी घडी न करता तशीच आत नेता येते. मॅजिक किंग्डम आणि अॅनिमल किंग्डम या पार्कना मात्र तिथूनही बसनेच जावे लागते, आणि विजा चमकू लागल्या की दोरमार्ग थांबवतात. ऑल-स्टारच्या तिन्ही हॉटेलांतून सगळीकडे बसच. तेव्हा या एका सोयीसाठी दोन खोल्यांचे वाढीव भाडे पाच रात्री मोजावे का, हा माझा मुख्य प्रश्न आहे.

नवऱ्याचे म्हणणे डिस्नेबाहेर जवळच्या किसिमी गावात स्वयंपाकघर असलेले घर घ्यावे. भाड्याच्या हिशेबात ते बरोबर आहेत. मात्र बाहेर राहिल्यास पार्कच्या वाहनतळाचे शुल्क रोज भरावे लागते, डिस्नेच्या हॉटेलात राहणाऱ्यांना मिळणारा सकाळचा अर्धा तास आधीचा प्रवेश हुकतो, आणि मॅजिक किंग्डमला गाडी लावून पुढे मोनोरेल किंवा बोटीने जावे लागते, तर हॉटेलची बस थेट प्रवेशद्वारापाशी सोडते. जेवणाचे म्हणाल तर काचेची भांडी टाळून घरचे पदार्थ पार्कमध्ये नेता येतात. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बरोबर असली की आमचे निम्मे काम भागते.

आई-वडिलांना घेऊन तिथे राहून आलेल्यांनी कृपया अनुभव सांगावेत. मधल्या दाराने जोडलेल्या दोन खोल्या मागितल्यावर खरोखर मिळाल्या का, की पोहोचल्यावर वेगवेगळ्या मजल्यांवर पाठवणी झाली? स्कायलायनरच्या हळू सरकणाऱ्या डब्यात चालता चालता चढावे लागते. चाकाच्या खुर्चीसाठी डबा थांबवून चढवतात तशी सोय काठी घेऊन चालणाऱ्यालाही मिळते का? बाबा खुर्चीत बसायला तयार नाहीत, "मी काय आजारी आहे का" हे ठरलेले उत्तर आहे. पॉप सेंच्युरीत स्थानकाला जवळची इमारत कोणती आणि ती आरक्षण करतानाच मागता येते का, हेही कळावे. ऑल-स्टार म्यूझिकच्या सूटमध्ये कोणी राहिले असल्यास बैठकीतल्या पलंगांवर मोठ्या माणसांची पाठ धरते का, ते स्पष्ट लिहावे, कारण पाच रात्री तिथे आम्ही दोघेच झोपणार आहोत. या रविवारी आरक्षण करायचे आहे.